निवळ पाणी येईपर्यंत

दादाची पहिली दुर्बीण, म्हणजे मोठं आतडं आतून बघायची तपासणी (कोलोनोस्कोपी), वाया गेली, तेव्हा मी बाहेर बाकावर बसले होते. त्याला आत नेऊन दहा मिनिटं झाली नसतील, तोच परत बाहेर आणलं. आतडं साफ झालेलं नाही, काही दिसत नाही, नीट तयारी करून पुन्हा या, असं सांगितलं. पैसे गेले ते जाऊ देत. पुढची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली आणि त्या तीन आठवड्यांत त्याला रोज रक्त पडत होतं.

यात त्याची काही चूक नव्हती. तयारीचा कागद हातात दिला होता, तो सगळा इंग्रजीत. दादा दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला, ऊस आणि दूध करणारा माणूस. काउंटरवर त्याला तोंडी एवढंच सांगितलं, ‘आदल्या दिवशी हलकं खायचं आणि पावडर प्यायची.’ आमच्याकडे हलकं म्हणजे ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी. तेलकट नाही, मटण नाही. त्यानं मनापासून तेच खाल्लं. मोठ्या आतड्याच्या तपासणीआधी नेमकं जे खायचं नाही, ते.

त्याआधी दोन वर्षं घरात सगळे धरून चालले होते की दादाला मूळव्याध आहे. म्हणजे ज्यांना माहीत होतं ते. वहिनीलासुद्धा त्यानं वर्षभर सांगितलं नव्हतं. कुणीतरी झाडपाल्याचं औषध दिलं, ते घेतलं. ताक पिऊन झालं, मिरची सोडून झाली. परसाकडच्या गोष्टी बहिणीशी कशा बोलायच्या, म्हणून मला तर काहीच कळलं नाही. धारा काढताना चक्कर आली, रक्त तपासलं, हिमोग्लोबिन 8 निघालं, तेव्हा पहिल्यांदा तोंडातून शब्द फुटला. दुसऱ्या तपासणीत डाव्या बाजूला, सिग्मॉइडमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटाकडच्या वाकड्या भागात, गाठ दिसली. कॅन्सर. त्याचं वय तेव्हा 54.

ऑपरेशन झालं, काही महिने पोटावर शौचाची पिशवी होती, केमो झाली, मग पिशवी बंद केली. आता दोन वर्षं होत आली, दादा पुन्हा शेतात जातो. ऑपरेशन करणाऱ्या सर्जननी त्याच वेळी आम्हा भावंडांना बसवून सांगितलं होतं, की आई, वडील, सख्खा भाऊ किंवा बहीण यांच्यापैकी कुणाला हा आजार झाला असेल, तर बाकीच्यांनी वयाच्या चाळिसाव्या वर्षी दुर्बीण करून घ्यायची. किंवा त्या माणसाला ज्या वयात आजार सापडला, त्याच्या दहा वर्षं आधी. यातलं जे वय आधी येईल ते. मी तेव्हा 44 वर्षांची होते, म्हणजे माझी वेळ होऊन गेली होती. तरी मी आणखी दोन वर्षं काढली. बँकेत मार्चअखेर, मग मुलाची बारावी, मग पावसाळा. कारणं सगळी खरी होती, पण खरं कारण भीती होतं. तपासणीची कमी, तिथं काय सापडेल याची जास्त.

शेवटी दादाच म्हणाला, “तू जात नाहीस तोवर मला रात्री झोप लागत नाही.” त्यानंतर मी एक दिवसही थांबले नाही.

आम्ही कराडला राहतो. तपासणी कोल्हापूरला ठरली, बुधवारी सकाळी 11 ला. तारीख घ्यायला गेले तेव्हा पहिली गोष्ट केली ती ही, की तयारीचा कागद घेऊन तिथल्या सहायक डॉक्टरांसमोर बसले आणि ओळ न् ओळ मराठीत लिहून घेतली. लो रेसिड्यू डाएट म्हणजे काय, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, “ज्याचा आत चोथा राहत नाही असं अन्न.” हा एक शब्द दादाला त्या दिवशी कुणी सांगितला असता तर! चोथा म्हटल्यावर आपल्याकडच्या कुठल्याही बाईला पुढचं समजावून सांगावं लागत नाही. भाकरी, पालेभाज्या, भेंडी, गवार, मोड आलेली कडधान्यं, पेरू, डाळिंब, टोमॅटोच्या बिया, तीळ, खसखस, शेंगदाण्याचं कूट, सगळं बंद. चालतं ते पांढरा भात, मुगाच्या डाळीचं वरण, सोललेला उकडलेला बटाटा, दही, ताक, साधा ब्रेड, रव्याचा उपमा, अंडं. एरवी आपण तब्येतीला चांगलं म्हणून जे खातो, ते या तीन दिवसांत बरोबर उलटं करायचं असतं. डाळिंबाचा एक दाणा किंवा टोमॅटोची साल आतड्याच्या भिंतीवर बसली, तर तिच्याखाली काय आहे ते दुर्बिणीला दिसत नाही.

गोळ्यांचंही विचारून घेतलं. मी लोहाची गोळी घेते, ती आठवडाभर आधी बंद करायला सांगितली. लोहानं शौच काळं आणि चिकट होतं, कितीही धुतलं तरी भिंत सोडत नाही. रक्तदाबाची गोळी मात्र तपासणीच्या दिवशी सकाळीसुद्धा घोटभर पाण्याबरोबर घ्यायची होती. माझ्याबरोबर एक आजोबा बसले होते, त्यांना रक्त पातळ होण्याची गोळी चालू होती आणि मधुमेहही होता. त्यांना डॉक्टर बराच वेळ समजावत होत्या, की कुठलीही गोळी मनानं बंद करायची नाही, जे हृदयाचं बघतात त्यांना विचारून या. साखरेच्या गोळ्यांचं आणि इन्सुलिनचं गणितही उपाशीपोटी बदलतं, ते वेगळं लिहून देते. हे इतक्या शांतपणे सांगणारं कुणी भेटणं ही मोठी गोष्ट असते.

रविवारपासून चोथा बंद केला. सोमवारी बँकेत डब्यात दहीभात नेला. मंगळवारी सकाळी 8 ला दोन ब्रेड आणि चहा घेतला, तो शेवटचा. त्यानंतर फक्त निवळ पाण्यासारखं. त्याची खूण डॉक्टरांनी छान सांगितली होती, की ग्लासाच्या पलीकडचं अक्षर वाचता आलं पाहिजे. कोरा चहा, गाळलेलं लिंबू सरबत, शहाळ्याचं पाणी, सफरचंदाचा गाळीव रस, ओआरएस. दूध नाही. लाल किंवा जांभळ्या रंगाचं काहीही नाही. कोकम सरबतसुद्धा नाही, कारण तो रंग आत रक्तासारखा दिसतो.

आता एक अडचण होती आणि तिच्याबद्दल कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं. पावडर दोन भागांत प्यायची होती, अर्धी आदल्या संध्याकाळी आणि अर्धी पहाटे. दोन भाग केल्यानं आतडं जास्त स्वच्छ होतं, कारण रात्रीतून वरून पुन्हा पित्त आणि स्राव खाली येत राहतात आणि उजव्या बाजूला साचतात. पहाटेचा भाग ते धुऊन काढतो. पण पहाटे एक लिटर पिऊन कराड ते कोल्हापूर सत्तरेक किलोमीटरचा हायवे कसा करायचा? बाईमाणसानं मधे गाडी थांबवायची तरी कुठं? म्हणून मंगळवारी दुपारीच आम्ही दोघं राजारामपुरीत मावशीकडे जाऊन राहिलो. तिच्याकडे कमोडचा संडास खोलीला लागून आहे, हे मी आधीच विचारून घेतलं होतं. लांबून तपासणीला येणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की हाताशी संडास असलेली जागा आधी ठरवा. नातेवाईक नसतील तर दवाखान्याजवळची साधी लॉज चालेल. पहाटेचा भाग चुकवून मात्र निघू नका.

मावशीचं वय 76. पाहुणी आली आणि चूल पेटली नाही, असं तिच्या घरात कधी झालेलं नाही. “माझ्या घरात येऊन तू उपाशी झोपणार व्हय गं?” असं म्हणताना तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. मग मी तिला काम दिलं. तिनं मुगाची डाळ शिजवून, घुसळून न घेता वरचं निवळ पाणी ओतून घेतलं, ते दोनदा पंचातून गाळलं, त्यात मीठ आणि लिंबू पिळलं. वाटीत धरून उजेडाकडे केलं आणि मला विचारलं, “दिसतंय का गं पलीकडचं?” भुकेल्या पोटी ते गरम पाणी प्यायले तेव्हा अंगात जीव आल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी 6 ला पावडर कालवली. पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि क्षार यांचं मिश्रण असतं ते, एक मोठं पाकीट 2 लिटर पाण्यात. हे औषध पाणी स्वतःजवळ धरून ठेवतं, शरीरात शोषू देत नाही, म्हणून प्यालेलं जवळजवळ सगळं आतडं धूत धूत खाली जातं आणि क्षार बरोबर असल्यानं शरीरातलं मीठपाण्याचं प्रमाण फारसं ढळत नाही. 1 लिटर पहाटेसाठी बाटलीत घालून फ्रिजमध्ये ठेवलं, उरलेलं तेव्हाच प्यायचं. दर 15 मिनिटांना एक ग्लास.

चव खारट, वर लिंबाचा वास आणि घशाला बुळबुळीत. पहिला ग्लास गेला. दुसराही गेला. तिसऱ्याला घसा बंद झाला, मळमळायला लागलं, वाटलं आता सगळं उलटून पडणार. मी दादाला फोन लावला. तो म्हणाला, “थांब. अर्धा तास काही पिऊ नको, अंगणात चाल. मग स्ट्रॉ लाव, जिभेच्या मागनं ओढ. मधे लिंबाची फोड चाट.” दादाला हे सगळं दोनदा करून माहीत होतं. मी मावशीच्या गच्चीवर फेऱ्या मारल्या. पोट हललं की मळमळ खरंच खाली बसते. पुढचे दोन ग्लास लहान घोटांनी संपवले.

पाऊण तासात सुरुवात झाली आणि मग 9 पर्यंत मी संडासात किती वेळा गेले ते मोजलं नाही. पोटात मुरडा फारसा नव्हता, नुसता लोंढा. आधीच कातडीला खोबरेल तेल लावून ठेवलं होतं, कागदाऐवजी पाणी आणि मऊ सुती कापड वापरलं, त्यामुळे सोलवटलं नाही. मला हे वहिनीनं सांगितलं होतं, तिनं दादाचं सगळं केलेलं आहे. पाणी कमी पडून अंग गळू नये म्हणून मधेमधे शहाळं आणि ओआरएस घेत राहिले. 10 ला झोपले, 12 ला एकदा उठले, मग थेट पहाटे.

5 ला फोन वाजला. दादा. धारेला उठतोच तो त्या वेळी, मागं म्हशींच्या हंबरण्याचा आवाज येत होता.

“उठलीस? पहिला ग्लास घे. मी चालू ठेवतो फोन.”

आणि त्यानं खरोखर चालू ठेवला. तिकडं बादलीत धारेचा आवाज, इकडं मी ग्लास धरून मावशीच्या स्वयंपाकघरात. किती झाले? दोन. रंग कसा येतोय? मी क्षणभर गप्प झाले. आम्ही भावंडं लहानपणी एका ताटात जेवलेली, पण आयुष्यात या विषयावर एक अक्षर बोललो नव्हतो. मग म्हटलं, “दादा, काल मातीसारखा होता, रात्री चहासारखा झाला, आता पिवळा आहे.” तो म्हणाला, “पिवळा चालतो, पण त्यात कण दिसतात का बघ. कण गेले पाहिजेत. गाळलेल्या लिंबू सरबतासारखं आलं की झालं.” साडेसहाला शेवटचा ग्लास संपला आणि सातच्या सुमाराला अगदी तसं निवळ, किंचित पिवळसर पाणी आलं. मी त्याला सांगितलं. तिकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाला, “माझ्या वेळी कुणी रंग विचारला नव्हता गं.”

त्यानंतर साधं पाणी 8 पर्यंत, पुढं काही नाही.

दवाखान्यातलं थोडक्यात सांगते, कारण ज्या गोष्टीला मी दोन वर्षं घाबरले, तीच सगळ्यांत सोपी निघाली. मागं उघडा असलेला गाऊन दिला, हाताला सुई लावली, संमतीपत्रावर सही घेतली. त्या कागदावर आतड्याला छिद्र पडण्याचा आणि रक्तस्रावाचा धोका लिहिलेला असतो. मी विचारलं, तर डॉक्टरांनी न टाळता सांगितलं, की छिद्र पडणं फार क्वचित, हजारात एकापेक्षाही कमी. गाठ काढावी लागली तर रक्त येण्याची शक्यता थोडी वाढते. आत गेल्यावर सिस्टरनी डाव्या कुशीवर वळवलं, गुडघे पोटाशी घ्यायला सांगितले, अंगावर नीट चादर टाकली. खोलीत तेवढीच माणसं होती जेवढी लागतात. लाजेनं जी मान खाली जाते ना, ती जायची वेळच आली नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी दुधासारखं पांढरं इंजेक्शन सुईतून सोडलं, हातात थोडी आग झाली, आणि मी त्यांना काहीतरी उत्तर देत असतानाच झोपले.

जागी झाले तेव्हा पडद्यापलीकडे भांडी वाजल्यासारखा आवाज येत होता आणि हे उशाशी उभे होते. 25 मिनिटं लागली म्हणाले.

थोड्या वेळानं डॉक्टर फोटो घेऊन आले. मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब, दुर्बीण त्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत नेली होती. पोचल्याचा पुरावा म्हणून अपेंडिक्सच्या तोंडाचा फोटो होता. खरी पाहणी होते ती बाहेर येताना, सावकाश, घडी न् घडी उलगडून; त्यासाठी निदान 6 मिनिटं तरी द्यायची असतात. माझ्या आतड्याच्या आडव्या भागात 6 मिलिमीटरचा एक पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावर वाढलेला छोटा कोंब, दिसला, तो तारेच्या फासात धरून तिथल्या तिथं कापून काढला होता. फोटोत तो गुलाबी भिंतीवर मुगाच्या दाण्याएवढा टेंगूळ दिसत होता. दुर्बिणीतून तारेचा फास टाकून पॉलिप काढायची ही पद्धत हिरोमी शिन्या या जपानी सर्जननं न्यूयॉर्कमध्ये 1969 साली पहिल्यांदा वापरली, हे मी नंतर वाचलं. त्याआधी इतक्या आतल्या पॉलिपसाठी पोट उघडावं लागायचं.

रिपोर्टवर आणखी एक ओळ होती, बोस्टन स्कोअर 8. डॉक्टरांनी सांगितलं, की आतड्याच्या तीन भागांना स्वच्छतेचे प्रत्येकी 0 ते 3 गुण देतात, एकूण 9. उजव्या बाजूला 2 मिळाले, बाकी दोन्हींना 3. तो आकडा मी दादाला सगळ्यांत आधी कळवला, पॉलिपच्याही आधी.

नंतरचा त्रास होता तो वाऱ्याचा. आतडं उघडं राहावं म्हणून आत हवा भरतात, तिच्यातली बरीचशी राहिलेली असते. पोट नगाऱ्यासारखं ताठ, बरगडीखाली कळ. सिस्टर म्हणाल्या, “इथं कुणी लाजायचं नाही, वारा सोडा, त्यासाठीच तुम्हाला इथं ठेवलंय.” कुशी बदलली, व्हरांड्यात फेऱ्या मारल्या, तासाभरात हलकं वाटलं. कळ वाढत गेली, ताप आला, किंवा गुठळ्यांसारखं रक्त पडलं, तर रात्र असो की पहाट, लगेच यायचं, हे त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. भूल उतरलेल्या माणसाला एकट्याला सांगून उपयोग नसतो. मला त्या संभाषणातलं अर्धंच आठवतं, बाकीचं यांच्याकडून कळलं. सोबत माणूस असल्याशिवाय सोडत नाहीत ते याचसाठी. पुढचे 24 तास गाडी चालवायची नाही आणि कुठल्याही महत्त्वाच्या कागदावर सही करायची नाही, हेही होतं. माझं कामच सह्यांचं आहे, दिवसाला कितीतरी चेक माझ्या हाताखालून जातात. म्हणून गुरुवारचीही रजा टाकली होती आणि ते बरं झालं.

मावशीनं गुरगुट्या भात करून ठेवला होता, वर साजूक तूप आणि मीठ. तीन वाजले होते. पहिला घास मी डोळे मिटून खाल्ला. मावशी समोर पाटावर बसून होती, वाढत होती आणि काहीच बोलत नव्हती. त्या रात्री मी दहा तास झोपले.

पॉलिप काढलेला असल्यानं दुखण्याच्या काही गोळ्या, आयब्युप्रोफेनसारख्या, काही दिवस घ्यायच्या नव्हत्या, जड उचलायचं नव्हतं. रक्तस्राव उशिरानं, दोन आठवड्यांपर्यंतही होऊ शकतो म्हणून लक्ष ठेवायचं होतं. मला पहिल्या दिवशी पुसताना लाल रेघ दिसली तेवढीच. पुढचे दोन दिवस पोट अजिबात साफ झालं नाही आणि मी घाबरले. पण आत काही उरलेलंच नसतं, ते भरायला वेळ लागतो. तिसऱ्या दिवशी सगळं सुरळीत झालं. आठवडाभर पोट जरा हळवं राहिलं. ताक, केळं, मऊ भात असं करत भाकरीवर आले.

काढलेल्या पॉलिपच्या तपासणीचा, म्हणजे बायोप्सीचा, रिपोर्ट आठव्या दिवशी मिळाला. ट्युब्युलर अॅडेनोमा. कॅन्सर नाही. पण अॅडेनोमा ही पॉलिपची तीच जात, जिच्यातून वर्षानुवर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. सगळ्यांचा होत नाही, आणि व्हायला बहुधा दहा वर्षं किंवा जास्तही लागतात, पण कुठल्याचा होईल हे बाहेरून ओळखता येत नाही, म्हणून दिसला की काढतात. दादाचाही कधीतरी मुगाएवढाच असणार. डॉक्टरांनी मला 5 वर्षांनी पुन्हा बोलावलं आहे, दादामुळे.

तपासणीचे साडेआठ हजार झाले, बायोप्सीचे वेगळे. आपल्याकडे सरकारी मोहिमांत तोंडाची, स्तनाची आणि गर्भाशयमुखाची तपासणी होते; मोठ्या आतड्याची सरसकट होत नाही, कारण आपल्या देशात याचं प्रमाण अजून पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे. हे मला समजतं. पण ज्यांच्या घरात आहे, त्यांना तो कागद निदान त्यांच्या भाषेत तरी मिळायला हवा. मी लिहून घेतलेला कागद स्वच्छ अक्षरात उतरवून त्या डॉक्टरांना दिला. त्यांनी तो वाचला, दोन ठिकाणी दुरुस्ती केली आणि काउंटरवर ठेवायला घेतला. ज्या दवाखान्यात दादाची पहिली तपासणी वाया गेली, तिथंही एक प्रत नेऊन दिली. त्यांनी ठेवून घेतली, पुढं काय केलं ते बघायला मी पुन्हा जाणार आहे.

आमची धाकटी सांगलीला असते, 42 वर्षांची. ती वर्षभर विषय काढला की फोन दुसऱ्याकडे द्यायची. मागच्या रविवारी तिचा स्वतःहून फोन आला, पुढच्या महिन्यातल्या सोमवारची तारीख मिळाली म्हणून. तिला कागद पाठवला. तिनं वाचला आणि एकच विचारलं, “पहाटे 5 ला उठायचं, मला एकटीला नाही जमणार गं ते.”

दादाला सांगितलं तर म्हणाला, “म्हशी सोमवारी बी असतात. मी लावतो फोन.”